कुकडीचे रांजण

सह्याद्रीच्या माथ्यावर, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नाणेघाट नावाची एक प्राचीन खिंड आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कोकणातील बंदरांत उतरलेला माल ह्याच वाटेने घाट चढून वर येत असे. येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक मोठा शिलालेख कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या नावाने तो इतिहासात प्रसिद्ध आहे. खिंडीच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण दृष्टीस पडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात ह्या रांजणात टाकीत, असे परंपरेने सांगतात. तो रांजण कोणा पाथरवटाने, छिन्नी-हातोड्याचे घाव घालून, मोठ्या कष्टाने घडविला असला पाहिजे.

नाणेघाटापासून फार दूर नसलेल्या पूर ह्या गावी कुकडेश्वराचे जुने मंदिर आहे. त्याच परिसरात कुकडी नदी उगम पावते. पश्चिमेचा समुद्र तेथून किती जवळ! पण कुकडी त्याच्याकडे पाठ फिरविते व पूर्वेची लांबची वाट धरते. जुन्नरच्या बाजूने वाहत ती पुढे घोड नदीस मिळते. घोड भीमेस मिळते. भीमा कृष्णेस मिळते. आणि कुकडीचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाऊन पोहोचते. ह्या लांबच्या प्रवासात, पठारावर उतरून आल्यानंतर, एका ठिकाणी कुकडीने स्वतःच रांजण घडविण्याचे काम हाती घेतले आहे. तेथे पाथरवट नाही, छिन्नी नाही, हातोडाही नाही. तरीही एक-दोन नव्हे, तर असंख्य रांजण तिने काळ्या कातळात कोरून ठेवले आहेत. त्या ठिकाणाचे नाव निघोज.

निघोज हे गाव पारनेर तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्यात हा तालुका येतो, त्याचे नाव पूर्वी अहमदनगर असे होते. २०२४ साली ते अहिल्यानगर असे झाले. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरूर लागते. तेथून आत वळून वीस-पंचवीस किलोमीटर गेले की निघोज येते. ह्या भागात कुकडी ही दोन जिल्ह्यांची सीमा आहे. एका तीरावर निघोज, तर पलीकडच्या तीरावर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे टाकळी हाजी. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची मंदिरे आहेत. चैत्र महिन्यात देवीची मोठी यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक येथे लोटतात. आसपासचे लोक ह्या जागेला नुसते ‘कुंड’ असे म्हणतात.

पारनेरचा हा मुलूख तसा कोरडा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात पावसाच्या धारा अखंड कोसळतात. परंतु आपला बहुतेक भार तेथेच रिता करून ढग जेव्हा पूर्वेकडे सरकतात, तेव्हा त्यांच्यात देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. त्यामुळे येथे मोकळी माळराने, ज्वारी-बाजरीची शेते, बाभळीची झाडे आणि मधूनमधून विहिरीच्या पाण्यावर वाढलेले हिरवे तुकडे, असे दृश्य दिसते. नदीकडे चालत निघालेल्या वाटसरूला नदी शेवटपर्यंत दिसत नाही. मग एकाएकी पायांखालची भूमी दुभंगल्यासारखी होते, आणि समोर काळ्याभोर पाषाणाची एक खोल, वेडीवाकडी घळ उघडी पडते.

तेथील दृश्य पाहून मन थक्क होते. कातळाचा पृष्ठभाग कोठेही सपाट नाही. जिकडे पाहावे तिकडे गोल गोल खळगे! काही वाटीएवढे लहान, काही घागरीएवढे, तर काहींत एखादा मोठा माणूस उभाच्या उभा मावेल एवढे प्रचंड. कित्येकांचे तोंड अरुंद असून पोट मात्र फुगीर आहे. हुबेहूब पाण्याचे रांजण जमिनीत पुरून ठेवावेत तसे. म्हणूनच त्यांना ‘रांजणखळगे’ हे नाव मिळाले. कोठे दोन रांजणांमधली भिंत झिजून तिला खिडकी पडली आहे. कोठे वरचा दगड कमानीसारखा उरला असून खालून पाणी वाहते आहे. कोठे अर्धा फुटलेला रांजण कड्याच्या अंगाला चिकटून राहिला आहे. भिंतींना हात लावला, तर त्या घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या देवमूर्तीसारख्या लागतात. ऊन कलू लागले की त्या काळ्या वळणांवर छायाप्रकाशाचा असा खेळ सुरू होतो, की पाषाण हा कठीण पदार्थ आहे, हेच क्षणभर विसरावयास होते.

जुन्नर तालुक्यातील एका शाळेचा सातवीचा वर्ग एकदा माघ महिन्यात हे रांजणखळगे पाहण्यास गेला होता. कुकडीच्या काठीच वाढलेली ही मुले. नाणेघाटातला रांजण त्यांनी पाहिलेला होता. लेण्याद्रीच्या पायऱ्याही ती कितीदा चढली होती. दगड कोरता येतो, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. पण येथे कोरणारा कोण, हा प्रश्न मात्र त्यांना पडला.

“गुरुजी, हे सगळे पाण्याने केले?” एका मुलाने विचारले. “पाणी तर मऊ असते. आम्ही रोज नदीत पोहतो. आमच्या अंगाला तर काही ओरखडा उठत नाही!”

सगळी मुले हसली. पण गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “तुझी शंका अगदी योग्य आहे. नुसते पाणी असा कातळ इतका खोल कोरू शकेल, असे मलाही वाटत नाही. मग पाण्याच्या हाती एखादे हत्यार असेल काय? शोधा पाहू.”

मुले शोधू लागली. काठाशी एक म्हातारे धनगर आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांची मेंढरे वरच्या माळावर चरत होती. एका मुलीने जवळ जाऊन विचारले, “आजोबा, तुम्ही पुराच्या वेळी कधी इथे आला होता का हो?”

“आलो व्हतो की,” आजोबा म्हणाले. “पर इतक्या जवळ न्हाई यायचं, पोरी. वर तिकडं उभं ऱ्हायचं. पानी दिसतं त्येच्यापेक्षा आवाज लई मोठा असतो. खडकाच्या पोटातनं गडगड, गडगड आवाज येतो. आमचा बा म्हनायचा, ‘नदी दळान दळतीया.’”

ही गोष्ट मुलांनी गुरुजींना येऊन सांगितली. ते मोठ्या आनंदाने म्हणाले, “आजोबांच्या वडिलांनी अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे! आता उरलेले अर्धे आपण शोधू.”

जवळच एक लहानसा खळगा कोरडा पडलेला होता. गुरुजींनी तो आधी स्वतः नीट पाहिला, मग मुलांना एकेक करून त्यात डोकावू दिले. तळाशी वाळू होती, आणि त्या वाळूत काही गोल गोटे पडलेले होते. काही काळे, काही तांबूस, तर एक-दोन पांढरट गारेचे. सगळे अंडाकृती, आणि सगळे खळग्याच्या भिंतींइतकेच गुळगुळीत.

“हेच ते हत्यार!” एक मुलगी आनंदाने ओरडली.

होय, हेच ते हत्यार. कुकडीने रांजण कसे घडविले, हे आता क्रमाने पाहिले पाहिजे.

ज्या कातळात हे खळगे आहेत, त्याला बेसॉल्ट असे म्हणतात. आज जेथे महाराष्ट्र आहे, तेथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला. तो दूरवर पसरला, थंड झाला व त्याचे थरांवर थर साचले. सह्याद्री, त्याचे गडकिल्ले, अजिंठा-वेरूळची लेणी आणि निघोजची घळ, ही सर्व ह्याच काळ्या पाषाणाची आहेत. लाव्हारस थंड होत असताना त्यातील वायूचे बुडबुडे काही थरांत अडकून राहिले व तेथे लहान लहान पोकळ्या उरल्या. पुढे त्यांपैकी कित्येक पोकळ्यांत गारगोटीसारखी कठीण खनिजे साठली. शिवाय थंड होताना आक्रसल्यामुळे खडकाला चिराही पडल्या. तात्पर्य, हा कातळ वरून कितीही अभेद्य दिसला, तरी सर्वत्र सारखाच बळकट नाही. कोठे पोकळी आहे, कोठे चीर आहे, कोठे थर जरासा मऊ आहे.

पावसाळ्यात सह्याद्रीवर पाऊस कोसळला की कुकडीला पूर येतो. पुराचे पाणी एकटे येत नाही. डोंगरातले दगड, गोटे, रेती हे सारे ते आपल्याबरोबर लोटीत आणते. घळीच्या अरुंद मुखाशी पाणी कोंडते, त्याचा वेग वाढतो, ते खडकावर आपटते आणि त्यात भोवरे उठतात. अशा वेळी कातळाच्या एखाद्या लहानशा खाचेत एखादा खडा जाऊन पडतो. प्रवाह त्याला बाहेर काढू शकत नाही. पण स्वस्थही बसू देत नाही. भोवऱ्यात सापडलेला तो खडा त्या खाचेतच गरगर फिरू लागतो. फिरताना तो तळ घासतो, कडा घासतो. खाचेची वाटी होते, वाटीचा गडवा होतो, गडव्याची घागर होते. खळगा जितका खोल, तितके त्यातून दगडाला बाहेर पडणे अवघड; आणि जितके बाहेर पडणे अवघड, तितके त्याचे दळण अधिक. तळाशी फिरणारे दगड पोटाकडच्या भिंती अधिक झिजवितात. म्हणून कित्येक रांजणांचे तोंड लहान आणि पोट मोठे होते.

दगडाने दगड कसा झिजतो, हे समजण्यास फार दूर जावयास नको. घराघरांत जाती होती, त्या काळी काही महिन्यांनी पाथरवट दारावर येई आणि जात्याला टाकी लावून देई. का बरे? जात्यात तर मऊ धान्यच दळले जाते. परंतु एका पाळीवर दुसरी पाळी रोज फिरून तिचे दात बोथट होत. जेथे हाताने फिरविलेले जाते काही महिन्यांत झिजते, तेथे नदीने हजारो पावसाळे फिरविलेले जाते काय करणार नाही? आणि ह्या झिजण्यात फिरणारा दगडही सुटत नाही. तो लहान लहान होत जातो, शेवटी त्याची रेती होते व ती पाण्याबरोबर वाहून जाते. तोपर्यंत पुढच्या पुराने नवा दगड आणून टाकलेला असतो. असे असंख्य दगड खर्ची पडतात, तेव्हा कोठे एक रांजण तयार होतो.

येथे आणखी एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेजारी शेजारी असलेले दोन रांजण मोठे होत गेले की त्यांच्यामधली भिंत पातळ होते. एके दिवशी तिला भोक पडते. मग तेथे कमान उरते. पुढे ती कमानही ढासळते आणि दोन रांजणांचा मिळून एक डोह होतो. असे अनेक डोह एकमेकांस जोडले गेले, म्हणजे नदीला वाहण्यासाठी खोल वाट मिळते. तेव्हा आपण ज्या घळीच्या काठावर उभे राहतो, ती घळ म्हणजे पुष्कळ अंशी फुटलेल्या जुन्या रांजणांचीच बनलेली आहे. नदी आपली वाट अशा रीतीने खाली खाली नेते, आणि वरच्या अंगाचे जुने रांजण कोरडे पडून कड्यावर तसेच राहतात. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे पूर्वी नदी किती उंचावरून वाहत होती, ह्याची कल्पना येते.

असे खळगे जगात अन्यत्रही आहेत. दक्षिण आफ्रिकेत ट्रूर व ब्लाइड ह्या नद्यांच्या संगमावर अशाच प्रकारचे प्रचंड खळगे आहेत. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न ह्या शहरी १८७२ साली एका जागी तळघर खोदीत असताना मातीखाली मोठमोठे खळगे सापडले. त्यांतील सर्वांत खोल खळगा साडेनऊ मीटर आहे. ते कोणत्याही आजच्या नदीने कोरलेले नाहीत. हिमयुगात तेथे हिमनदी पसरलेली होती आणि तिच्या तळाशी जोराने वाहणाऱ्या पाण्याने ते कोरले. हिमनदी केव्हाच वितळून गेली. परंतु तिने फिरविलेला गोल धोंडा अजूनही खळग्यात पाहावयास मिळतो. हत्यार जागेवर राहिले, म्हणून काम कसे झाले हे लोकांना कळले.

ही माहिती सांगून झाल्यावर गुरुजींनी मुलांना खळग्यांची चित्रे काढण्यास सांगितले. मुले वह्या घेऊन बसली. इतक्यात ज्या मुलाने पहिली शंका विचारली होती, तो हळूच त्या कोरड्या खळग्यापाशी गेला. त्यातील एक काळा, तुळतुळीत, पेरूएवढा गोटा त्याला फार आवडला होता. त्याने तो उचलला व पिशवीत टाकला. हे एका मुलीने पाहिले.

“तो का घेतलास?” तिने विचारले.

“आठवण म्हणून. घरी दाखवायला,” मुलगा म्हणाला. “इथे तर हजारो गोटे आहेत. एकाने काय होणार?”

“आणि पुढच्या वर्गाने एकेक नेला तर? त्याच्या पुढच्याने?”

“नदी पुन्हा आणून टाकील की! गुरुजीच म्हणाले, पुढच्या पुराने नवा दगड येतो.”

मुलगी निरुत्तर झाली. पण तिचे समाधान झाले नाही. ती गुरुजींकडे गेली. तिने मुलाचे नाव सांगितले नाही, फक्त प्रश्न विचारला, “गुरुजी, पूर पूर्वीसारखेच येतात का? आपल्या जुन्नरला कुकडीवर माणिकडोह धरण आहे. खाली येडगावचे धरण आहे. मग डोंगरातले दगड इथपर्यंत पोहोचतात तरी कसे?”

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग सर्वांना जवळ बोलावून ते म्हणाले, “हिने विचारलेला प्रश्न आजच्या साऱ्या सहलीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. नीट ऐका. धरण पाणी अडविते, तसे पाण्याबरोबर आलेले दगडगोटेही अडविते. जलाशयात पाणी संथ होते आणि जड दगड तळाशी बसतात. धरणाच्या खालच्या ओढ्यांतून आणि काठांवरून काही दगड नदीत येतच राहतात. पण सह्याद्रीतून पूर्वी जेवढे येत, तेवढे आता येऊ शकत नाहीत. मोठे पूरही धरणे पुष्कळसे आपल्या पोटात घेतात. म्हणजे नदीचे दळण आता मंद झाले असले पाहिजे.”

“मग धरणे बांधली हे वाईट झाले का?” दुसऱ्या एका मुलाने विचारले.

“इथे येताना वाटेत तुम्ही काय पाहिले?” गुरुजींनी उलट विचारले.

“ऊस पाहिला. कांदा पाहिला. कालवा पाहिला.”

“येडगावहून निघालेला कालवा ह्या पारनेर तालुक्यातून पुढे श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशा कोरड्या मुलखांपर्यंत जातो. हंडाभर पाण्यासाठी जिथे मैलभर चालावे लागते, तिथल्या बाईला विचारा, धरण चांगले की वाईट? ती काय सांगेल, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा पाणी शेताला दिले ह्याचे दुःख करावयाचे नाही. परंतु ज्या वस्तूच्या बदल्यात आपल्याला काही मिळाले, ती वस्तू निदान जपून तरी ठेवावी. नव्या दगडांची आवक जर कमी झाली असेल, तर ह्या खळग्यांत आज जे गोटे आहेत, तीच नदीची शिल्लक. लोहाराची ऐरण नेली, तर त्याचा भाता चालू राहील. पण फाळ घडणार नाही.”

कोणी काही बोलले नाही. तो मुलगा मागे उभा होता. त्याने पिशवीतून गोटा काढला. पण तो लगेच खळग्यात टाकला नाही. तो गुरुजींजवळ आला आणि म्हणाला, “गुरुजी, मी हा घेतला होता. ठेवतो. पण आधी मोजून घेऊ का?”

“जरूर घे,” गुरुजी म्हणाले.

मग मुलांनी दोऱ्याने त्या गोट्याचा घेर मोजला. त्याचे चित्र काढले. त्यावरील बारीक ओरखडे, पोटात बसलेला गारेचा पांढरा ठिपका, रंग, हे सारे टिपून घेतले. नंतर त्या मुलाने तो जेथून उचलला होता, तेथेच, वाळूतल्या त्याच्या मूळ घळीत, नेऊन ठेवला. वर्गाच्या भिंतीवर पुढे जे चित्र लागले, त्याखाली त्याने एवढेच लिहिले होते : ‘हा दगड निघोज येथे कामावर आहे.’

निघता निघता मुले धनगर आजोबांचा निरोप घेण्यास गेली. एका मुलाने त्यांना विचारले, “आजोबा, हे कुंड देवीने केले असे म्हणतात. गुरुजी म्हणतात, पाण्याने आणि दगडाने केले. तुम्हांला काय वाटते?”

आजोबा हसून म्हणाले, “बाबा, पानी कुनाचं? दगुड कुनाचा? तुझ्या गुरुजींनी कसं झालं ते सांगितलं. कुनी केलं ते ज्येनं त्येनं आपल्या मनाला इचारावं.” आणि ते आपल्या मेंढरांना हाळी देत माळावर चढून गेले.

रांजणखळगे पाहावयास जाणाऱ्याने एक गोष्ट कधीही विसरू नये. हे सौंदर्य जितके मोहक, तितकेच ते धोक्याचे आहे. खळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात. त्यांवर शेवाळ असले, तर पाय क्षणात निसटतो. वरून शांत दिसणारे पाणी किती खोल आहे, हे काठावरून कळत नाही. रांजणाचे पोट फुगीर असल्यामुळे त्याच्या भिंती वर येताना आत झुकलेल्या असतात. आत पडलेल्या माणसाला हाताने धरावयास काहीच सापडत नाही, मग तो कितीही पटाईत पोहणारा का असेना. म्हणून पाण्याने भरलेल्या खळग्यात कधी उतरू नये, काठावर पळापळ करू नये, आणि पावसाळ्यात तर दुरूनच दर्शन घ्यावे. ज्या शक्तीने बेसॉल्टचा कातळ पोखरला, तिच्याशी खेळण्याचे धाडस हे धाडस नव्हे. तो निव्वळ अविचार होय.

तसेच हे खळगे म्हणजे कचऱ्याचे हौद नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे. कोणी फेकलेली बाटली वा पिशवी एकदा त्यांच्या तळाशी गेली, की ती काढणे कठीण होते. दगड खळग्यात पडला, तर तो नदीचे काम करतो. कचरा पडला, तर तो नुसता जागा अडवितो. दगडावर नावे कोरणाऱ्यांनाही काय म्हणावे? जे रूप घडावयास हजारो वर्षे लागली, ते विद्रूप करावयास एक खिळा आणि पाच मिनिटे पुरतात. आणि मग ते पुन्हा पूर्ववत करण्याचे सामर्थ्य कोणत्याही राजाजवळ वा कारागिराजवळ नसते.

कुकडीच्या काठी दगडाचे रांजण दोन ठिकाणी आहेत : एक तिच्या उगमाजवळ, नाणेघाटात, आणि दुसरे निघोजला. पहिला माणसाने घडविला. तो धनासाठी होता असे म्हणतात. ते धन केव्हाच नाहीसे झाले. दुसरे नदीने घडविले. ते रिकामेच आहेत. त्यांत साठलेला आहे तो काळ. एका खड्याचे एक वळसा घेणे म्हणजे किती क्षुल्लक गोष्ट! तेवढ्याने कातळावर डोळ्यांना दिसेल असा ओरखडाही उठत नाही. परंतु तो खडा आपली जागा सोडीत नाही, आणि नदी त्याला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून कातळाला अखेर वाट द्यावी लागते.

स्वाध्याय

१. नाणेघाटातील रांजण आणि निघोजचे रांजण ह्यांत साम्य कोणते व भेद कोणता?

२. ‘नदी दळान दळतीया’ ह्या वाक्यातील दळण कोणते? जाते कोणते? ते फिरविणारा कोण?

३. कित्येक रांजणखळग्यांचे तोंड अरुंद व पोट फुगीर का असते?

४. धरणांमुळे शेतीला काय मिळाले? रांजणखळग्यांवर त्यांचा काय परिणाम झाला असावा? दोन्ही बाजू आपल्या शब्दांत मांडा.

५. मुलाने चित्राखाली लिहिलेल्या वाक्यात ‘कामावर आहे’ हे शब्द का वापरले असतील?

६. तुमच्या गावाजवळील नदीच्या वा ओढ्याच्या पात्रातील पाच दगड तेथेच पाहा. त्यांचा आकार, रंग व गुळगुळीतपणा वहीत नोंदवा, आणि दगड होते तेथेच ठेवा.